पिल्लू मलूल दिसल्यास आधी ऊब, मग औषध

बदनापूर : डिसेंबर-जानेवारीत जालना जिल्ह्याच्या या भागात पहाटेचा पारा कधी कधी १० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. मोठ्या माणसाचे एका गोधडीत भागते. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाचे मात्र भागत नाही. अंगावर केवळ लव असते आणि शरीराचे तापमान स्वतः राखण्याची शक्ती पहिल्या दोन आठवड्यांत पुरेशी आलेली नसते. कोंबडीच्या पंखाखाली मिळणारी ऊब ब्रूडरमध्ये, म्हणजे कृत्रिम दाईमध्ये, बल्ब किंवा शेगडीने द्यावी लागते. या उबेत खंड पडला की सकाळी एखादे पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात पेंगताना आढळते. शासकीय योजनेतून ५० टक्के अनुदानावर मिळालेल्या १०० पिल्लांवर ज्या कुटुंबाचा जोडधंदा उभा राहायचा असतो, त्याला आठ-दहा पिल्लांची मरतूकही जड जाते.

अशा वेळी पहिली धाव बहुधा औषधाच्या दुकानाकडे घेतली जाते. परंतु पहिल्या आठवड्यातील मलूल पिल्लाच्या मुळाशी रोगापेक्षा थंडी, तहान आणि कोंदट हवा हीच कारणे अधिक वेळा असतात. औषधाने यांपैकी एकही दूर होत नाही. कारण शोधण्यापूर्वी पाण्यात मिसळलेले प्रतिजैविक अनेकदा वाया जाते, शिवाय जंतूंना त्या औषधाची सवय लावते. याच कारणास्तव कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा खाद्यप्राण्यांतील वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला.

आधी कळपाकडे पाहावे

एका पिल्लाला हात लावण्यापूर्वी दोन मिनिटे सगळ्या पिल्लांकडे पाहणे हिताचे ठरते. बल्बखाली एकमेकांवर चढून पिल्ले कलकलाट करीत असतील तर ऊब कमी आहे. चोच उघडून, पंख फाकवून ती कडेला पळत असतील तर ऊब जास्त आहे. सर्व एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सर्वत्र सारखी पसरून दाणे टिपत असतील तर व्यवस्था ठीक आहे आणि दोष त्या एका पिल्लापुरता असण्याचा संभव आहे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस (९५ अंश फॅरेनहाइट) तापमान असावे. पुढे दर आठवड्याला ते साधारण ३ अंशांनी कमी करत न्यावे. थंडीत प्रत्येक पिल्लामागे २ वॅटचा हिशेब धरतात, म्हणजे १०० पिल्लांना २०० वॅट. मात्र हा हिशेब जुन्या तारेच्या, तापणाऱ्या बल्बचा आहे. आता घरोघरी आलेल्या एलईडी दिव्याने ब्रूडर उजळतो, पण तापत नाही. वीज गेल्यास शेगडी लावावी लागते. ती बंद खोलीत ठेवल्यास कोळशाचा विषारी वायू साचून सगळी पिल्ले एका रात्रीत दगावू शकतात, माणसांनाही त्यापासून धोका असतो. त्यामुळे छताजवळची झरोक्याची जागा गोणपाटाने कधीही पूर्ण झाकू नये. खोलीत शिरताच डोळे चुरचुरले तर गादी ओली झाली आहे आणि तिच्यातून अमोनिया निघतो आहे, असे समजावे.

मलूल पिल्लाची शुश्रूषा

मलूल पिल्लू वेगळे काढणे आवश्यक असते. पुठ्ठ्याच्या खोक्यात खडबडीत कापड अंथरावे. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून ते फाकतात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नकोसे झाल्यास पिल्लाला दूर सरकता येते. पाय हाताला गार लागत असतील तर ते ऊबदार होईपर्यंत काहीही भरवू नये. गारठलेल्या पिल्लाचे पचन मंदावलेले असते आणि अशा अवस्थेत पोटात गेलेला दाणा उपयोगी पडत नाही.

अंग गरम झाल्यावर कोमट पाणी द्यावे. १ लिटर पाण्यात ५० ते ८० ग्रॅम गूळ विरघळवून त्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावावा. पिल्लू तो स्वतः ओढून घेते. चोच उघडून ड्रॉपरने पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते व शुश्रूषा करणाऱ्याच्याच हातात पिल्लू गुदमरते. गुळाचे पाणी काही तासांपुरतेच असावे, अन्यथा विष्ठा पातळ होते. त्यानंतर साधे स्वच्छ पाणी आणि मक्याचा बारीक भरडा ठेवावा. पिल्लू खाते की नाही हे गळ्याखालच्या अन्नपिशवीवरून कळते. ती भरलेली व मऊ लागावी. अंड्यातील बलक पोटात शिल्लक असल्याने नवे पिल्लू दोन-तीन दिवस अन्नावाचून तगते. त्यामुळे न खाणारे पिल्लू अनेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक दगावते आणि दोष त्या दिवशीच्या खाद्यावर येतो.

गुदद्वाराशी विष्ठा वाळून चिकटली असेल तर तो भाग कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून हळूहळू सोडवावा, कोरडा ओढू नये. बेंबी ओली, लाल, दुर्गंधी येणारी आणि पोट फुगलेले असल्यास तो नाभीदाह असतो; त्यातून फार थोडी पिल्ले वाचतात, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

केव्हा थांबू नये

१०० पैकी एखाद-दुसरे पिल्लू पहिल्या आठवड्यात दगावणे अनपेक्षित नसते. एकाच दिवशी चार-पाच मलूल दिसली तर मात्र घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. पांढरी, चिकट हगवण हे साल्मोनेला जंतूच्या रोगाचे लक्षण असू शकते. हा रोग आजारी कोंबडीच्या अंड्यातून पिल्लांत उतरतो, आणि वाचलेली पिल्लेही पुढे रोगवाहक राहतात. म्हणून त्यांची अंडी उबवणीस ठेवू नयेत. आवाज न करता चोच उघडून धापा टाकणारी पिल्ले बुरशी आलेल्या भुशाकडे बोट दाखवतात. तीन आठवड्यांनंतर विष्ठेत रक्त दिसल्यास रक्ती हगवण, तर हिरवट हगवण व मान वेडीवाकडी होणे ही मानमोडीची (राणीखेतची) लक्षणे होत. मानमोडीवर औषध नाही. ५ ते ७ दिवसांच्या वयात डोळ्यात वा नाकात लासोटा लसीचा थेंब देणे हाच उपाय, आणि तोही निरोगी पिल्लांनाच.

नुकतेच मेलेले एक-दोन पक्षी पिशवीत घालून, बर्फाभोवती गार ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेल्यास शवविच्छेदनातून निदान बरेच सोपे होते. गोठवलेला पक्षी त्या कामी येत नाही. मोठ्या पक्ष्यांतही एकाएकी मोठी मरतूक झाली असेल तर मात्र काहीही हलवू नये, जागेवरूनच पशुसंवर्धन विभागाला कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू निघाला होता.

सावरलेले पिल्लू स्वतःहून खाऊ-पिऊ लागल्यानंतर एक दिवस वाट पाहावी. मग संध्याकाळी, इतर पिल्ले बल्बखाली निजू लागतात तेव्हा, त्यास परत सोडावे. दिवसा सोडल्यास बाकीची टोचतात.