दिल्लीची मंजुरी आणि पुण्याचा उकिरडा

कामगारांच्या आरोग्यविम्याचा इतिहास आपल्याकडे लाभांची यादी म्हणून सांगितला जातो. किती दवाखाने उभे राहिले, किती लाखांना संरक्षण मिळाले, हे मोजले जाते. दाराबाहेर कोण राहिले आणि दाराची किल्ली कोणाच्या कमरेला होती, हे मात्र कोणी विचारत नाही. पुण्याच्या उकिरड्यावर उभे राहून हा प्रश्न विचारला, तर तोच इतिहास वेगळा दिसू लागतो.

या इतिहासाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च 1943 मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. ऑगस्ट 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. 1948 मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. म्हणजे या कायद्याच्या आरंभी आणि शेवटी, अस्पृश्य ठरवलेल्या जातींतून आलेले दोन मंत्री उभे आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनाही हे फारसे ठाऊक नसते.

24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कामगाराने वर्गणी द्यावी, मालकाने द्यावी, आणि आजारात औषध व पगाराचा काही भाग हक्काने मिळावा, अशी तिची रचना होती. दयेचा संबंध नव्हता. वर्गणी भरलेल्याला नकार देण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. ही मोठी गोष्ट होती.

परंतु हा कायदा 'कारखाना' या शब्दावर उभा होता. विजेवर चालणारा, वीस कामगारांचा, बारमाही कारखाना. हमाल, बांधकामावरची बाई, धुणीभांडी करणारी, उकिरड्यावर कागद-काच वेचणारी या शब्दात बसत नव्हती. आणि ही कामे कोणाच्या वाट्याला आली होती, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. कायद्यात जातीचे नाव कोठेही नव्हते. पण कामांची वाटणीच जातीने केलेली असेल, तर कामाची व्याख्या केली की जातीची सीमा आपोआप आखली जाते.

कायद्यात दार रुंद करण्याची तरतूद होती. कलम 1(5) नुसार राज्य सरकारला ही योजना इतर आस्थापनांना, अगदी शेतीलाही, लागू करता येत असे. मात्र त्यासाठी विमा महामंडळाशी विचारविनिमय करायचा, केंद्र सरकारची मंजुरी आणायची आणि राजपत्रात सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यायची. (2010 मध्ये ही मुदत एक महिन्यावर आणली गेली.) महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात हे कलम वापरले आणि दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे योजनेत आली. तेथे मालक होता, हजेरीपट होता, पगार होता. कागद वेचणाऱ्या बाईला मालकच नव्हता. तिची वर्गणी कोण कापणार? दिल्लीला पाठवायच्या प्रस्तावात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

त्या बाईने दिल्लीची वाट पाहिली नाही. 1993 मध्ये पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्यासह अनेक कार्यकर्ते त्यात होते. सभासद बहुतांशी दलित स्त्रिया होत्या. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: आम्ही कचरा वेचतो म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, तेव्हा शहर आमचे देणे लागते. मालक नाही असे म्हणणाऱ्या कायद्याला त्यांनी मालक दाखवून दिला. तो मालक म्हणजे हे शहर. 2002-03 पासून पुणे महापालिका नोंदणीकृत कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरू लागली. असे करणारी ती देशातली पहिली महापालिका.

हा विजय खरा होता, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. कायद्याने दिलेला हक्क आणि ठरावाने दिलेली तरतूद यांत अंतर आहे. ठराव दर अंदाजपत्रकात नव्याने जिवंत ठेवावा लागतो.

पुढचा इतिहास रांगेचा आहे. 2008 मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आली ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी, कुटुंबाला वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत. मग बांधकाम मजूर, फेरीवाले, घरकामगार असा एकेक गट केंद्राच्या वेगवेगळ्या निर्णयांनी आत घेतला गेला. कचरावेचक आणि सफाई कामगारांची पाळी 2013 मध्ये आली. राज्याने 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आणली. पहिल्या आठ जिल्ह्यांत पुणे नव्हते. ते नोव्हेंबर 2013 मध्ये आले. 2017 मध्ये या योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला आणि रुग्णसेवा करताना त्याच साथीने सावित्रीबाई गेल्या. त्यांच्या दारात रुग्णाला शिधापत्रिकेचा रंग कोणी विचारला नव्हता. फुल्यांच्या नावाच्या योजनेत मात्र पिवळी की केशरी हे पाहिले जात होते. सर्व शिधापत्रिकाधारकांना ती खुली करण्याचा निर्णय व्हायला 2023 उजाडले.

आता नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. 2020 ची ही संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली आणि 1948 चा कायदा तिच्यात विलीन झाला. असंघटित कामगारांना विमा महामंडळाचे लाभ देण्यासाठी केंद्र सरकार योजना आखू 'शकेल', असे तिच्या कलम 45 मध्ये म्हटले आहे. 'आखेल' असे म्हटलेले नाही. कारखान्यातल्या कामगाराचा हक्क कायद्यानेच बांधलेला आहे. उकिरड्यावरच्या बाईचा हक्क या एका क्रियापदावर टांगलेला आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी कायदा वाचताना कलमांबरोबर क्रियापदेही वाचावीत. पुण्याच्या स्त्रियांनी आधी स्वतःची गणना केली, ओळखपत्रे मिळवली, आपल्या श्रमाचा हिशोब मांडला आणि मगच मागणी केली. आपले काम आता तोच हिशोब मुंबईला आणि दिल्लीला नेण्याचे आहे. तेथे मंजुरीचा अर्ज पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा 'शकेल'च्या जागी 'आखेल' हा शब्द मागितला पाहिजे. बाबासाहेबांच्या काळात जे काम कारखान्याच्या फाटकापर्यंत आले, ते फाटकाबाहेर नेणे आपल्याकडे बाकी आहे.