मोटारीच्या रंगाची कुळकथा

मोटारींचे अंग दुरुस्त करणाऱ्या एखाद्या गॅरेजात घटकाभर उभे राहिले, तर 'ड्युको' हा शब्द कानावर आल्यावाचून राहत नाही. रंग मारणारा कारागीर, गाडीचा मालक आणि कोपऱ्यात लांबी घासत बसलेला पोरगा हे तिघेही तो शब्द इतक्या सहजतेने उच्चारतात, की तो आपल्याच बोलीतील वाटावा. पोलादी कपाटालाही आपण ड्युको मारून घेतो. वस्तुतः हे एका अमेरिकन कंपनीने १९२३ च्या सुमारास आपल्या नव्या रंगाला दिलेले नाव होय. या एका नावाच्या मागे मोठा इतिहास उभा आहे. आपल्या दाराशी असलेली जुनी मोटार आपल्याच हाताने, आपल्या मनाजोगत्या रंगात आणि थोडक्या पैशांत रंगवावी, ही सामान्य माणसाची हौस केव्हा शक्य झाली आणि तिचे मोल त्याने कशा रूपाने चुकते केले, ते आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडून घेतलेल्या बग्ग्याच होत्या, असे म्हटले तरी चालेल. त्यांचे रंगकामही बग्ग्यांचेच. जवसाच्या तेलात वा राळेच्या व्हार्निशात रंगद्रव्य घोटून ते ब्रशाने लावावयाचे. हवेतील प्राणवायू शोषून तेल हळूहळू घट्ट होई; त्याला घाई करून भागत नसे. पहिला हात वाळला, की ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या भुकटीने तो घासावयाचा, पुसावयाचा आणि दुसरा हात द्यावयाचा. असे अनेक हात होईपर्यंत तीन-चार आठवडे निघून जात. तेवढा काळ मोटारी धूळरहित खोल्यांत एकामागे एक उभ्या करून ठेवाव्या लागत. एवढे करूनही उन्हापावसात तो रंग फार काळ टिकत नसे. अशा रंगासाठी उत्तम कारागीर हवा, मोठी जागा हवी आणि मुख्य म्हणजे वाट पाहण्याची ऐपत हवी. रंगीत वाहन हे श्रीमंताघरचे लक्षण होते, ते यामुळेच.

हेन्री फोर्ड यांनी या अडचणीवर आपल्या पद्धतीने तोड काढली. त्यांची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ मध्ये बाजारात आली, तेव्हा ती तांबड्या, हिरव्या, करड्या रंगांतही मिळत असे. परंतु १९१३ मध्ये सरकत्या साखळीवर मोटारी जुळविण्यास आरंभ झाला आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगात निघू लागली. काळाच रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असे पुष्कळदा सांगण्यात येते. पण तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि एकच रंग ठेवल्याने कारखान्यातील खोळंबा टळत होता, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे. मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली खरी, परंतु येताना आपला रंग कारखान्याच्या दाराशी ठेवून आली.

तो रंग परत मिळवून देण्याचे काम दारूगोळ्याने केले, हा इतिहासातील एक विलक्षण योग होय. कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया केली, की स्फोटक कापूस तयार होतो. तो कमी नत्रयुक्त ठेवून योग्य द्रावकात विरघळविल्यास त्याचे सुकल्यावर चिवट, चकचकीत पापुद्रे बनतात. ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीच माहीत होती. परंतु ते द्रावण इतके दाट होई, की त्यात रंगद्रव्य फारसे घालता येत नसे. पहिल्या महायुद्धात बंदुकीची दारू पुरवून गबर झालेल्या ड्यू पाँट कंपनीपुढे, युद्ध संपल्यावर या कापसाचे करावयाचे काय, हा प्रश्न होताच. १९२० च्या उन्हाळ्यात तिच्या न्यू जर्सीतील कारखान्यात या पदार्थाचे एक पिंप सुट्टीच्या दिवसांत उष्ण हवेत तसेच राहून गेले आणि उघडून पाहतात तो आतले दाट द्रावण पाकासारखे पातळ झालेले, अशी हकीकत सांगतात. या पातळ द्रावणात भरपूर रंगद्रव्य मावू लागले. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी त्यात लक्ष घातले, आणि १९२४ सालासाठी निघालेल्या ओकलंड मोटारी निळ्या ड्युकोत झळकल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले.

पुढचा परिणाम व्यापाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी रंग हे विक्रीचे हत्यार केले. १९२७ मध्ये तर त्या कंपनीने कला आणि रंग यांचा स्वतंत्र विभागच उघडला. त्याच वर्षी मॉडेल टी बंद पडली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, म्हणजे ही लाट आपल्या किनाऱ्यालाही लवकरच लागली.

परंतु आपला विषय कारखाना नव्हे, घरचा रंगारी आहे. त्याच्या दृष्टीने या नव्या रंगाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची क्षमाशीलता. तेलाचा रंग एकदा घट्ट झाला, की त्याची चूक कायमची. हा रंग मात्र केवळ द्रावक उडून गेल्याने सुकतो आणि पुन्हा थिनर लागताच मऊ होतो. त्यामुळे नवा हात जुन्या हातात मिसळून जातो. ओघळ आला, धुळीचा कण बसला, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, तरी घासून, पुन्हा फवारून आणि शेवटी पॉलिश करून सारे झाकता येते. ज्याला चुकत चुकतच शिकावयाचे आहे, त्याला याहून चांगला गुरू कोठून मिळणार?

त्याची साधनेही याच काळात जमत आली. अमेरिकेतील टोलेडो येथील डेव्हिलबिस या डॉक्टरांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्याचे उपकरण केले होते. त्यांच्या मुलाने त्याच तत्त्वावर रंग फवारण्याची बंदूक बनविली. पाण्यात भिजवून वापरावयाचा घासकागद १९२१ मध्ये निघाला, आणि त्यामुळे घासताना उडणारी धूळ बसली. त्याच कंपनीचे रिचर्ड ड्रू हे तरुण कर्मचारी घासकागदाची चाचणी घेण्यासाठी एका गॅरेजात गेले असता, दुरंगी मोटारीची सीमारेषा आखताना चिकटविलेला कागद रंगासकट निघतो, म्हणून रंगारी वैतागलेले त्यांनी पाहिले. त्यातून १९२५ मध्ये रंगाला न उखडणारी चिकटपट्टी जन्मास आली. १९४९ मध्ये इलिनॉय राज्यातील एडवर्ड सेमूर यांनी दाबाखालील रंगाचा फवारता डबा केला. घरातील धूळ ओढणाऱ्या यंत्रांनाही रंग फवारण्याचे भांडे जोडून मिळत असे.

आता हवा होता तो हौशी माणूस. तो दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात मोठ्या संख्येने पुढे आला. सैन्यातून यंत्रविद्या शिकून परतलेले तरुण भंगारातील जुन्या फोर्ड गाड्या विकत घेत, त्यांचे छप्पर ठेंगणे करीत, इंजिन बदलीत. पैसे इंजिनातच संपत, म्हणून पुष्कळ गाड्या नुसत्या अस्तराच्या करड्या रंगात वर्षानुवर्षे धावत. लॉस एंजेलिस येथे अर्ल शाइब यांनी १९३७ पासून अल्प दरात मोटारी रंगवून देण्याचा व्यवसाय मांडला होता. पुढे एकोणतीस डॉलर पंचाण्णव सेंटांत कोणतीही मोटार, कोणत्याही रंगात, ही त्यांची जाहिरात घरोघरी पाठ झाली. तेवढेही ज्यांना जड, ते आपल्या घराच्या गॅरेजातच रंगकाम करीत. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारीत, काचांवर वर्तमानपत्रे चिकटवीत आणि वारा पडण्याची वाट पाहत.

या गॅरेजांतून जे निपजले, ते कारखान्यालाही साधलेले नव्हते. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या बंधूंच्या हातची हिरव्या रंगाच्या दोन छटांतील १९५१ सालची मर्क्युरी आजही या कलेचा मानदंड समजली जाते. जो बेलॉन यांचा 'कँडी अ‍ॅपल' तांबडा रंग तर शोधच म्हणावा लागेल. आधी सोनेरी वा रुपेरी धातुकणांचा हात द्यावयाचा आणि त्यावर पारदर्शक तांबड्याचे अनेक हात चढवावयाचे. प्रकाश तांबड्यातून आत शिरतो, धातूवर आपटतो आणि पुन्हा तांबड्यातूनच बाहेर येतो. म्हणून त्या रंगाला काकवीत भिजविलेल्या फळासारखी खोली येते. ऐटदार मोटार ही विकत घेण्याची वस्तू होती. ती हाताने घडविण्याचीही वस्तू आहे, हे या मुलांनी दाखवून दिले.

मात्र या कुळकथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. स्फोटक कापसाचा हा भाऊबंद अत्यंत ज्वालाग्राही. बंद गॅरेजात एक ठिणगी पुरे. पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचे क्षार असत, आणि तो रंग कोरडा घासणाऱ्याच्या छातीत त्यांची धूळ जाई. आपल्या कोकणच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओलावा धरतो आणि रंग पांढुरका पडतो. हा दोष निदान जीवघेणा नाही. परंतु पुढे दोन भाग मिसळून लावावयाचे पॉलियुरेथेन रंग आले. ते चकचकीत आणि टिकाऊ खरे, पण त्यांच्या कठीणकारकातील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडतो. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा नसेल, तर तो रंग घरी फवारू नये, हे निक्षून सांगितले पाहिजे. नाकाला रुमाल बांधून दिवसभर फवारणी करणाऱ्या कारागिराने आपल्या हौसेची किंमत आपल्या छातीने चुकती करावी, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

यावर हौशी माणसाने काढलेला एक उपाय मोठा बोलका आहे. या शतकाच्या आरंभी काही अमेरिकन हौशी लोकांनी लोखंडी कठड्यांना लावावयाचे स्वस्त तैलरंग भरपूर पातळ केले, स्पंजाच्या छोट्या रोलरने मोटारीवर लावले, दोन हात झाले की पाण्याने घासले, पुन्हा दोन हात दिले. फवारणी नाही, बंदूक नाही. खर्च सुमारे पन्नास डॉलर. फक्त दिवसामागून दिवस जातात.

म्हणजे आपण फिरून कोठे आलो? तो जुना बग्ग्या रंगविणारा कारागीर, त्याचा एकेक हात, त्याचे ते घासणे आणि वाट पाहणे यांपाशीच! शंभर वर्षांत रसायनशास्त्राने आठवड्यांचे तास केले. पण त्या तासांसाठी यंत्र हवे, पैसा हवा. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याने वेळ द्यावा, हा जुना हिशेब काही बदलला नाही. एकच फरक पडला, आणि तो थोडा नव्हे. पूर्वी तो कारागीर दुसऱ्याच्या बग्गीसाठी खपत असे. आज तसाच खपून जो घाम पुसतो आणि चार पावले मागे सरून आपल्या कामाकडे पाहतो, ती मोटार त्याची स्वतःची असते.