हळदीची लढाई आणि सर्दीचा पुरावा

सर्दी झाली की मोहोळमध्ये काय किंवा पुण्यात काय, घरात पहिली आठवण होते ती हळद घातलेल्या गरम दुधाची. आपण ते पितो, आठवड्यात नाक मोकळं होतं आणि आपण म्हणतो, हळदीनं गुण आला. पण साधी सर्दी काही न घेताही बहुधा सात-दहा दिवसांत बरी होते. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, म्हणून ते कावळ्यानं पाडलं असं होत नाही. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, 'अहो, हळद तर अमेरिकेत सिद्ध झाली!' तेव्हा तो इतिहास नीट पाहू. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. जुन्या ग्रंथांतले दाखले आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण सिद्ध काय झालं? हा उपयोग नवा नाही, एवढंच. हळदीनं जखम किती भरते याचा निवाडा तिथं झालाच नाही, आणि सर्दीचा तर विषयच नव्हता. जुनेपणाचा पुरावा वेगळा, गुणाचा वेगळा.

गुणाचा पुरावा मिळवणं किती अवघड, ते क जीवनसत्त्वाच्या बाबतीत दिसलं. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० साली पुस्तक लिहून सर्दीवर त्याची शिफारस केली. १९७५ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात काहींनी कॅप्सूलची चव घेऊन आतलं औषध खरं की खोटं ते ओळखलं. ज्यांना ओळखता आलं नाही, त्यांच्यात फायदा जवळजवळ दिसेनासा झाला! पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा: रोज घेऊनही सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांचं दुखणं सुमारे ८ टक्क्यांनी लवकर आटपतं.

आता गावाचं नावच मोहोळ, तेव्हा मधाबद्दल बोललंच पाहिजे. मुलांच्या खोकल्याला मधानं थोडा आराम पडतो, असं चाचण्यांत दिसतं. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवू नये. बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार त्यातून होऊ शकतो. ती रीतही जुनीच आहे. म्हणून आजीचा मान ठेवू, हळदीचं दूधही आवडीनं पिऊ. पण बाळाच्या तोंडात काही घालण्याआधी 'जुनं आहे' एवढ्यावर थांबायचं नाही.