विज्ञान अकादमीचा सल्ला : भाषांतरयंत्राविषयीचा १९६६ चा अहवाल

राष्ट्रीय विज्ञान अकादमी ही शासनाची संस्था की शासनाबाहेरची, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिले आहे. सोव्हिएत संघात अकादमी स्वतःच शेकडो संशोधनसंस्था चालवीत असे. ती राज्ययंत्रणेचे एक अंगच होती. लंडनची रॉयल सोसायटी राजाची सनद असलेले, परंतु स्वायत्त असे विद्वानांचे मंडळ राहिली. अमेरिकेने या दोहोंपासून काहीसा वेगळा मार्ग काढला. यादवी युद्ध चालू असताना, ३ मार्च १८६३ रोजी, अध्यक्ष लिंकन यांच्या स्वाक्षरीने ‘नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ अस्तित्वात आली. तिचा कायदा अवघ्या काही ओळींचा आहे. त्यातील एक कलम मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे : शासनाच्या कोणत्याही खात्याने विचारणा केली असता अकादमीने विज्ञानविषयक प्रश्नाची चौकशी करून अहवाल द्यावा, चौकशीचा प्रत्यक्ष खर्च शासन देईल, परंतु या सेवेबद्दल अकादमीला कसलाही मोबदला मिळणार नाही.

या कलमाचा परिणाम दूरगामी झाला. सल्ला देणारा निर्लोभ राहावा, हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु त्यातच दुसरीही गोष्ट आली : प्रश्न कोणता विचारावयाचा हे खात्याने ठरवावयाचे, आणि उत्तराचे काय करावयाचे हेही खात्यानेच. प्रारंभीच्या काळात हे फारसे जाणवले नाही. वजनेमापे आणि नाणी यांची एकरूपता, लोखंडी जहाजांवर होकायंत्र दिशा चुकते त्यावर उपाय, असे प्रश्न अकादमीकडे आले. ते नेमके होते, आणि उत्तरेही नेमकी देता येत होती.

पहिल्या महायुद्धाने या व्यवस्थेला नवे रूप दिले. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये अकादमीच्या छत्राखाली ‘नॅशनल रिसर्च कौन्सिल’ निघाली आणि १९१८ मध्ये अध्यक्ष विल्सन यांच्या आदेशाने ती कायम झाली. अकादमीचे सदस्य नसलेल्या तज्ज्ञांनाही समित्यांवर घेण्याची सोय तिच्यामुळे झाली. संशोधनाला द्रव्यसाहाय्य देण्याचे कामही याच वाटेने सुरू झाले. १९१९ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून या कौन्सिलने तरुण संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिल्या. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट ओपनहायमर यांची नावे त्या यादीत आहेत. येथेही पैसा अकादमीचा नव्हता, निवड तिची होती. १९५० मध्ये ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ स्थापन झाल्यावर शासकीय अनुदानवाटप तिकडे गेले, आणि अकादमीचे मुख्य काम सल्ल्याचे राहिले.

या सल्ल्याच्या इतिहासात भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे प्रकरण म्हणजे १९६६ चा ‘भाषा आणि यंत्रे’ या नावाचा अहवाल. तो ज्या समितीने लिहिला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘आल्पॅक’ अहवाल म्हणतात. अहवाल ३४ पृष्ठांचा, त्याला २० परिशिष्टे. तीही मिळवली तर पृष्ठसंख्या सव्वाशेच्या आत राहते. एवढ्या लहान अहवालाने एका संपूर्ण संशोधनक्षेत्राचे भवितव्य ठरल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडीच सापडतील.

पार्श्वभूमी अशी. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या निसर्गविज्ञान विभागाचे प्रमुख वॉरन वीव्हर यांनी जुलै १९४९ मध्ये एक टिपण काढून, संगणकाकडून भाषांतर करून घेता येईल ही कल्पना विद्वानांपुढे मांडली. (हेच प्रतिष्ठान पुढे १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील भाषाविज्ञान प्रकल्पालाही साहाय्य करीत होते, हे जाता जाता नोंदवावयास हरकत नाही.) जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आय.बी.एम. कंपनी यांनी न्यूयॉर्क येथे निवडक रशियन वाक्यांचे यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना दाखविले. शब्दसंग्रह २५० शब्दांचा, व्याकरणाचे नियम सहा. प्रकल्पाचे प्रमुख लिऑन दोस्तेर यांनी पाच वर्षांत, कदाचित तीन वर्षांतही, यंत्रानुवाद व्यवहारात येईल असे भाकीत केले. १९५७ मध्ये स्पुतनिक आकाशात गेल्यावर रशियन वैज्ञानिक वाङ्मय वाचण्याची निकड अमेरिकेला तीव्रतेने भासू लागली. संरक्षण खाते, सायन्स फाउंडेशन आणि केंद्रीय गुप्तवार्ता संस्था यांच्याकडून पैसा वाहू लागला. दहाएक वर्षांत हा खर्च सुमारे २ कोटी डॉलरांपर्यंत गेला.

शंकेचे सूरही लवकरच उमटले. तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये दाखविले की, एकाच शब्दाच्या दोन अर्थांतून योग्य अर्थ निवडण्यास पुष्कळदा व्याकरण पुरत नाही, जगाचे ज्ञान लागते. त्यांचे उदाहरण इंग्रजीतील ‘पेन’ या शब्दाचे होते : लेखणी, किंवा मुलाला खेळावयास ठेवण्याचे कुंपण. मराठीत ‘पान’ हा शब्द घेतला तरी अडचण तीच. ‘त्याने पान उलटले’ या वाक्यात पान पुस्तकाचे, झाडाचे की जेवणाचे, हे वाक्याच्या रचनेवरून सांगता येणार नाही. ऐकणाऱ्याला मात्र बहुधा शंकाही येत नाही. १९६३ मध्ये जॉर्जटाउनचे अनुदानही थांबले. म्हणजे अहवाल निघण्यापूर्वीच या क्षेत्राला ओहोटी लागलेली होती, ही गोष्ट पुष्कळ वर्णनांतून निसटते.

ऑक्टोबर १९६३ मध्ये सायन्स फाउंडेशनचे संचालक लीलंड हॅवर्थ यांनी अकादमीचे अध्यक्ष फ्रेडरिक साइट्झ यांच्याकडे सल्ला मागितला आणि एप्रिल १९६४ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष जॉन आर. पिअर्स हे बेल प्रयोगशाळेचे संपर्क-अभियंते. ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द घडविणारे ते हेच. सदस्यांत भाषेच्या मानसशास्त्राचे जॉन कॅरल, इंडो-युरोपीय भाषांचे अभ्यासक एरिक हॅम्प, आणि १९५८ च्या पाठ्यपुस्तकामुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही परिचित असलेले चार्ल्स हॉकेट होते. संगणकविद्येचे ॲलन पर्लिस होते. उरलेले दोघे, डेव्हिड हेज आणि अँथनी ओएटिंगर, यांनी यंत्रानुवादात स्वतः काम केलेले होते. पैकी ओएटिंगर यांचा त्याविषयीचा भ्रमनिरास समितीवर येण्यापूर्वीच झाला होता. विषय जाणणारा सदस्य हवा, पण त्यात गुंतलेला नको, ही सल्लागार समित्यांची जुनी अडचण आहे. येथे ती सोडविली गेली ती विषय सोडून आलेला माणूस घेऊन. आणि असा माणूस तटस्थ असतोच असे नाही.

समितीने प्रथम भाषांतराची गरजच तपासली. अमेरिकेत भाषांतरकारांचा तुटवडा आहे काय? तिला तसे आढळले नाही. उलट उपलब्ध भाषांतरकारांना पुरेसे काम नव्हते. ज्यांना रशियन लेख वारंवार लागतात त्यांनी रशियन शिकावी, असे तिने सुचविले, आणि आपल्या विषयापुरते वाचन २०० तासांत किंवा त्याहून कमी वेळात साध्य होते, असे दाखले दिले. भाषाशिक्षकास हे वाचून संतोष वाटेल. विमानदलाच्या परकीय तंत्रज्ञान विभागात यंत्राने केलेले भाषांतर माणसाकडून दुरुस्त करून घेतले जाई. ते माणसाने सरळ केलेल्या भाषांतराहून उशिरा मिळणारे, कमी अचूक आणि दुपटीने महाग ठरले.

अहवालातील सर्वांत टिकाऊ भाग परिशिष्टांत दडलेला आहे. भाषांतर चांगले की वाईट, हे मोजावयाचे कसे? कॅरल यांनी दोन स्वतंत्र कसोट्या कल्पिल्या : वाक्य कितपत सुबोध आहे, आणि मुळातील आशय कितपत उतरला आहे. सुबोधतेसाठी ९ पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. आशयासाठी त्यांनी एक चतुर युक्ती योजली : वाचकाने प्रथम भाषांतर वाचावयाचे, मग मूळ, आणि मुळातून नवे किती कळले ते नोंदवावयाचे, नवे जितके जास्त, तितके भाषांतर कमी प्रतीचे. माणसांनी व यंत्रांनी केलेली वाक्ये सरमिसळ करून परीक्षकांपुढे ठेवली गेली. दोन्ही कसोट्यांचे गुण एकमेकांशी बरेच जुळले. भाषांतराच्या समीक्षेत ‘प्रवाही’ आणि ‘मूलनिष्ठ’ या शब्दांची आपण नेहमी परस्परविरोधी जोडी करतो. निदान वैज्ञानिक गद्यापुरता हा विरोध वाटतो तेवढा खरा नाही, असे या प्रयोगावरून दिसते. यंत्रानुवादाच्या मूल्यमापनाची पुढील परंपरा येथूनच मोठ्या प्रमाणात सुरू होते.

समितीने शिफारशी दोन प्रकारच्या केल्या. संगणकीय भाषाविज्ञानाला, म्हणजे वाक्यविश्लेषण, वाक्यनिर्मिती, अर्थविचार, भाषेचे संख्यात्मक अध्ययन यांना, शास्त्र म्हणून आधार द्यावा आणि भाषांतराला त्याचा तात्काळ उपयोग काय या मापाने ते मोजू नये, ही पहिली. भाषांतराची प्रत्यक्ष व्यवस्था सुधारावी, ही दुसरी : मूल्यमापनाच्या पद्धती, माणसाच्या कामाचा वेग वाढविण्याचे उपाय, यंत्राच्या मदतीने चालणारे परिभाषाकोश, आणि जी भाषांतरे कोणी वाचीतच नाही ती होऊ नयेत याची दक्षता. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी भाषाविज्ञानाला नेमके किती साहाय्य हवे हेही विचारले गेले, तेव्हा पिअर्स यांनी चार-पाच केंद्रांसाठी वर्षाला २५ ते ३० लाख डॉलरांचा अंदाज दिला. यंत्रानुवादाचे संशोधन बंद करावे, असे वाक्य या शिफारशींत नाही. उपयुक्त यंत्रानुवाद नजीकच्या काळात दृष्टिपथात नाही, असे मात्र अहवालाच्या मुख्य भागात स्पष्ट म्हटलेले आहे.

खात्यांनी हा अहवाल कसा वाचला? नकाराचे वाक्य उचलले, शिफारशींकडे फारसे लक्ष दिले नाही. यंत्रानुवादाचे अनुदान काही वर्षांत जवळजवळ आटले. पण वाचलेला पैसा समितीने म्हटल्याप्रमाणे संगणकीय भाषाविज्ञानाकडे वळला नाही. काटकसरीचा सल्ला पाळण्यास खात्याला काही करावे लागत नाही. नव्या आधाराचा सल्ला पाळावयाचा तर अंदाजपत्रकात नवा रकाना उघडावा लागतो. अकादमीजवळ स्वतःची तिजोरी नाही व आदेशाचा अधिकार नाही. आपल्या अहवालाचे दुसरे अर्ध कोणी वाचावे यासाठी ती काहीही करू शकत नव्हती. १८६३ च्या कलमाने तिला निर्लोभ ठेवले, त्याच कलमाने तिला या बाबतीत हतबलही ठेवले.

तथापि सर्व दोष वाचणाऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. समितीने यंत्रानुवादाची व्याख्याच अशी केली की, माणसाचा हात मुळीच न लागता उपयुक्त मजकूर बाहेर पडला पाहिजे. आणि या व्याख्येत बसेल असे काही अस्तित्वात नाही, असा निष्कर्ष काढला. तो व्याख्येतच अंतर्भूत होता. चार संस्थांच्या यंत्रांनी केलेले एकाच रशियन उताऱ्याचे भाषांतर छापून, दहा वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशी ते ताडून पाहावे, असे समितीने वाचकाला सुचविले. परंतु १९५४ ची वाक्ये पूर्वनियोजित होती, नंतरचा उतारा अपरिचित वैज्ञानिक गद्याचा होता. ही तुलना शास्त्रीय म्हणता येत नाही. यंत्रानुवादाचे इतिहासकार जॉन हचिन्स यांनी या त्रुटी सविस्तर दाखविल्या आहेत. ओक रिज येथे आणि इटलीतील इस्प्रा येथे जॉर्जटाउनचे यंत्र त्या काळात चालू होते, आणि तेथील शास्त्रज्ञ ओबडधोबड भाषांतरावरही भागवीत होते. लेख आपल्या कामाचा आहे की नाही एवढे कळले तरी त्यांना पुरे होते. या वाचकाचा विचार समितीच्या हिशेबात फारसा आला नाही.

याहून मोठी मर्यादा प्रश्नातच होती. रशियनमधून इंग्रजीत, थोड्या शासकीय वाचकांसाठी, एवढीच गरज विचारली गेली होती, आणि तिचे उत्तर समितीने प्रामाणिकपणे दिले. जेथे राज्यकारभारच एकाहून अधिक भाषांत चालवावा लागतो तेथे हा प्रश्न निराळा होतो. कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषा ठरल्या, आणि माँट्रिऑल विद्यापीठाच्या गटाने हवामानवृत्तांचे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करणारी प्रणाली १९७० च्या दशकात व्यवहारात आणली. विषय मर्यादित, वाक्ये ठराविक साच्याची, म्हणून ती यशस्वी झाली. महाराष्ट्रातही १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले ते कायदे आणि शासकीय मजकूर मराठीत आणण्याच्या अशाच निकडीपोटी. तेथे ‘भाषांतरकार पुरेसे आहेत काय?’ या प्रश्नाला वॉशिंग्टनचे उत्तर लावता आले नसते.

विमानदलाच्या ज्या विभागावर अहवालाने सर्वांत कडक टीका केली होती, त्याने यंत्र सोडले नाही. १९७० मध्ये तेथे जुन्या यंत्रणेच्या जागी पीटर टोमा यांची ‘सिस्ट्रान’ ही नवी प्रणाली आली, आणि १९७६ मध्ये तीच युरोपीय समुदायाच्या आयोगाने घेतली. संशोधकांच्या संघटनेची गोष्ट याच्या उलट झाली. १९६२ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात यंत्रानुवाद आणि संगणकीय भाषाविज्ञान हे दोन्ही शब्द होते. १९६८ मध्ये सदस्यांनी त्यांतील पहिला गाळून टाकला.