सायकलसाठी जीपीएस: फोन की वेगळे यंत्र?



सायकलचा मोसम आला की आम्हाला हमखास विचारले जाते, "स्मार्टफोन असताना जीपीएसचे वेगळे यंत्र कशाला?" पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन डी.सी. हा मार्ग डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देत आहोत. ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेज (१५० मैल) आणि सी अँड ओ कॅनालचा टोपाथ (१८४.५ मैल) हे दोन मार्ग कंबरलँडला जुळतात. मोटारींची वर्दळ नाही, म्हणून मुलांना नेण्यासारखा; पण मधल्या डोंगराळ भागात मोबाइलचे नेटवर्क बरेचदा नसते.

नेटवर्क आणि जीपीएस
किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपले ठिकाण कळते. त्याला इंटरनेट लागत नाही. ते लागते नकाशाला. म्हणून नेटवर्क गेले की ठिपका दिसतो, भोवतीचा नकाशा मात्र कोरा!

फोनवरील अ‍ॅप
गूगल मॅप्सवर अमेरिकेत २०१० पासून सायकलचे मार्ग मिळतात, पण ऑफलाइन असताना नवा सायकलमार्ग काढता येत नाही. राइड विथ जीपीएस किंवा कोमूटवर मार्ग घरीच आखून डाउनलोड करावा. खरी अडचण बॅटरीची. स्क्रीन सतत चालू राहिली तर ती लवकर संपते, आणि अडचणीत ९११ ला फोन करायला तोच फोन लागतो.

वेगळे यंत्र
गार्मिन, वाहू यांची यंत्रे काही शे डॉलरला मिळतात. उन्हात स्क्रीन स्पष्ट दिसते, पाऊस सोसते, बॅटरी साधारण दिवसभर पुरते. स्वस्त मॉडेलमध्ये कधीकधी नकाशा नसतो, नुसती मार्गाची रेघ दिसते. घेताना विचारून घ्या.

आमचा सल्ला
१. गावातल्या तास-दोन तासांच्या फेरीला फोन पुरे.
२. दिवसभराच्या किंवा मुक्कामी सहलीला यंत्र घ्या. फोन राखून ठेवा.
३. मार्गाची जीपीएक्स फाइल दोन्हींत ठेवा.
४. वाटेतले मैलाचे खांब पाहत जा. मदत मागताना मार्गाचे नाव आणि मैल सांगता येतो.
५. ३,११८ फूट लांबीच्या पॉ पॉ बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत आणि दिवेही नाहीत, बॅटरी न्या. बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो, आधी चौकशी करा.

निघण्याच्या आदल्या दिवशी फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाहा. नकाशा आणि मार्ग दिसला, तर तयारी झाली. हेल्मेट विसरू नका!