गूढ शब्दकोडे

गूढ शब्दकोडे : वृत्तपत्रातील शब्दकोड्याचा अवघड प्रकार. साध्या कोड्यात शोधसूत्र म्हणजे उत्तराचा समानार्थी शब्द किंवा छोटेसे वर्णन. 'पंकज' वाचले की 'कमळ' लिहायचे. गूढ कोड्यातले सूत्र वरवर एक साधे वाक्य असते, पण त्या वाक्याचे चित्र सोडवणाऱ्याला भलतीकडे नेण्यासाठी काढलेले असते. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरांतून घडवण्याची कृती. दोन वाटा एकाच शब्दाला येऊन मिळतात. मात्र अर्थ कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, ते वाक्यात कुठेच दाखवलेले नसते. तो सांधा सापडणे हेच निम्म्याहून अधिक काम.

या नोंदीसाठी रचलेले एक सूत्र पाहा : 'एक मळकट डबके, आत फूल (३)'. कंसातला आकडा उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गढूळ पाणी येते आणि तो डबक्यात अडकतो. खरे तर 'फूल' हा अर्थ आहे आणि 'आत' ही आज्ञा. 'एक मळकट' हे दोन शब्द जोडून वाचले, की 'एक'मधला 'क' आणि 'मळकट'मधले 'मळ' मिळून 'कमळ' दिसते. 'नवे रान उलटे पाहा (२)' यात रान म्हणजे 'वन', ते उलटे वाचले की 'नव'. 'काम थंड, तरी राबणारा (४)' यात 'काम' जसेच्या तसे आहे, थंड म्हणजे 'गार', दोन्ही मिळून 'कामगार'. याखेरीज अक्षरांची उलथापालथ, एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द, सारख्या उच्चारांचे शब्द आणि निव्वळ श्लेष अशाही युक्त्या असतात.

शब्दकोडे जन्मले अमेरिकेत. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात आर्थर विन यांचे पहिले कोडे छापले गेले. त्याला गूढ वळण मात्र इंग्लंडने दिले. एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी रचली. टॉर्केमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायसभेचा कठोर प्रमुख. मॅथर्स यांच्या गादीवर आलेले डी. एस. मॅकनट यांनी 'झिमेनेस' हे नाव घेतले आणि १९६६च्या पुस्तकात या खेळाचे नियम घालून दिले. रचणाऱ्याने फसवावे, पण त्याच्या वाक्यातील प्रत्येक शब्दाला काम हवे आणि कृती व्याकरणाला धरून हवी, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्यानंतर १९७२ मध्ये जोनाथन क्राउदर 'अझेड' झाले. देझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाचे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की ते मिळते. 'द टाइम्स'चे कोडे १ फेब्रुवारी १९३० रोजी सुरू झाले.

'गार्डियन'मध्ये 'अराउकेरिया' या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहॅम हे पेशाने धर्मोपदेशक. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे वाचकांना कळवले ते कोड्यातूनच. घरे भरता भरता ती बातमी लोकांना उलगडत गेली. रचणारा आणि सोडवणारा यांच्यात किती जवळीक असते, याचे याहून मोठे उदाहरण या खेळात नाही.

गूढ कोडे सोडवण्याइतकेच त्यावर बोलणे महत्त्वाचे. दैनिकात दुसऱ्या दिवशी येते ते फक्त उत्तर, त्याची फोड नाही. आडव्या-उभ्या शब्दांच्या अक्षरांवरून अंदाजाने शब्द बसतो, पण तो का बसला हे कळत नाही. अशा वेळी 'उत्तर आले, फोड नाही' असेच म्हणावे लागते आणि जाणकार ते घर सुटले असे मानत नाहीत. मग कोडे चहाच्या टेबलावर किंवा लोकलच्या डब्यात दुसऱ्यापुढे सरकवले जाते. एकाला शब्दांचे अर्थ चटकन आठवतात, दुसऱ्याला अक्षरांचे जुगाड दिसते. दोघे मिळून जे सुटते ते एकट्याला दिवसभर सुटत नाही. फोड सापडल्यावरही बोलणे थांबत नाही. सूत्र न्याय्य होते का, अर्थ नेमका होता का, वाक्य ओढूनताणून केलेले तर नव्हते ना, यावर वाद होतात. रचनेची खरी परीक्षा तिथेच होते.

भारतात 'द हिंदू'चे इंग्रजी कोडे १९७१ मध्ये निवृत्त नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास कटारी यांनी रचायला घेतले. त्याआधी मुंबई इलाख्याने शब्दकोड्याचे वेगळेच रूप पाहिले होते : प्रवेशमूल्य भरून खेळायची बक्षिसी कोडी. त्यांत एका घराला दोन शब्द सारखेच शोभत आणि 'बरोबर' शब्द आयोजकाच्या पाकिटात बंद असे. १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरता मानला, कौशल्याच्या स्पर्धांना तो लागू नाही असे ठरवले. गूढ कोडे या फरकाच्या योग्य बाजूला उभे आहे, कारण त्याचे उत्तर फोड करून सिद्ध करता येते.

मराठीत घर अक्षराचे असते, वर्णाचे नाही. 'की', 'कि' आणि 'क्र' ही तीन वेगळी घरे. त्यामुळे चौकट जुळवणाऱ्याचे हाल होतात, पण सोडवणाऱ्याला प्रत्येक छेदातून इंग्रजीपेक्षा जास्त माहिती मिळते. अक्षरांची उलथापालथ मराठीत अवघड. श्लेष, संधी आणि शब्द भलत्या जागी तोडणे मात्र तिच्या रक्तातच आहे. गणपतीला थबकायला लावणाऱ्या व्यासांच्या कूटश्लोकांची कथा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. मराठी दैनिकांतील कोडी बहुतांशी सरळ अर्थाची असतात. संपादकांनी आठवड्यातून एक तरी गूढ कोडे द्यावे आणि दुसऱ्या दिवशी उत्तरासोबत फोडही छापावी.