छापील मेंदूचे कूळ

मेंदूवरची अवघड शस्त्रक्रिया ठरली की काही रुग्णालयांत आता त्या रुग्णाच्या कवटीची, गाठीची किंवा रक्तवाहिन्यांची प्रतिकृती थ्री-डी प्रिंटरवर काढून सर्जनच्या हाती दिली जाते. कवटी कुठे उघडायची, कोणत्या वाटेने आत शिरायचे, रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर, म्हणजे ॲन्युरिझमवर, कोणत्या मापाची क्लिप बसेल, हे ती प्रतिकृती हातात फिरवून ठरवता येते. या वस्तूची जन्मकथा सांगताना सहसा दोन पूर्वज पुढे केले जातात: अठराव्या शतकातली इटलीची मेणाची शरीरे, आणि अमेरिकी अभियंता चार्ल्स हल याने १९८४ साली पेटंटसाठी मांडलेले, द्रव रेझिन अतिनील प्रकाशाने थरावर थर घट्ट करणारे यंत्र. दोघेही नात्यातले खरे, पण मूळपुरुष निराळा आहे. शरीराचे काप करायचे, प्रत्येक कापावर हव्या त्या अवयवाची कड आखायची आणि ते काप पुन्हा एकावर एक रचायचे, ही रीत या वस्तूचे मूळ आहे. प्रिंटर हे त्या रीतीला मिळालेले सर्वांत नवे हत्यार.

मेणाच्या शरीरांचा दावा आधी तपासू. फ्लॉरेन्सचे ‘ला स्पेकोला’ संग्रहालय १७७५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. फेलिचे फोंताना आणि क्लेमेंते सुसिनी यांच्या देखरेखीखाली तिथे घडलेल्या मेणाकृती इतक्या हुबेहूब होत्या, की सम्राट दुसऱ्या जोसेफने व्हिएन्नातल्या लष्करी शल्यवैद्यांच्या शिक्षणासाठी तशाच करवून घेतल्या. पण एका आकृतीमागे अनेक प्रेतांचा अभ्यास असे आणि घडे ते कुणाचेच नसलेले, नमुनेदार शरीर. आपल्याकडची सुश्रुतसंहिताही याच वाटेची आहे. तिच्या ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर, शिरा उघडण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करायला सांगितले आहे. हात तयार करण्याची ही पद्धत अचूक आहे. मात्र उद्या टेबलावर येणाऱ्या बाईच्या फुग्याची मान किती रुंद आहे आणि तिच्यामागे कोणती बारीक धमनी दडली आहे, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. नमुना सर्वांचा असतो. सर्जनला हवे असते एकाचे.

एकाच विशिष्ट शरीराची प्रतिकृती करण्याची गरज शल्यवैद्यांच्या आधी गर्भशास्त्रज्ञांना भासली. काही मिलिमीटरचा गर्भ फाडून पाहिला तर आतली रचनाच नाहीशी होते, म्हणून तो मायक्रोटोमवर अतिपातळ कापांत चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. कापांत बारकावे दिसत, पण आकार डोळ्यांपुढे उभा राहत नसे. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ, येथील गुस्टाव्ह बोर्न याने १८८३ मध्ये यावरचा उपाय सविस्तर मांडला. प्रत्येक काप मोठा करून मेणाच्या पत्र्यावर आखायचा, पत्र्याची जाडीही त्याच पटीत ठेवायची, आखलेल्या कडेने पत्रा कापायचा आणि सगळे पत्रे क्रमाने रचायचे. आजच्या प्रतिकृतीची कृती इथे जवळपास पूर्ण आहे. उणीव एकच, पण मोठी: काप घेण्यासाठी शरीर मेलेले असावे लागे.

ही अट सुटली १ ऑक्टोबर १९७१ रोजी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या सीटी स्कॅन यंत्राने लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात जिवंत रुग्णाच्या मेंदूचे पहिले काप टिपले, तेही सुरी न लावता. या शोधासाठी १९७९ चे नोबेल त्याला ॲलन कॉर्मॅकसोबत मिळाले. काप मिळताच रचण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि त्यासाठी कुणी प्रिंटरची वाट पाहिली नाही. १९८० च्या दशकातच सीटीच्या आकड्यांवरून फोमच्या ठोकळ्यात कवटी कोरणारी यंत्रे जर्मनीत वापरली जात होती. हलच्या यंत्रावरच्या शारीर प्रतिकृतींचा निबंध मॅन्कोविच आणि त्यांच्या लॉस एंजेलिसमधील सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला तो १९९० मध्ये. प्रिंटरचे श्रेय इथे नाकारायचे कारण नाही: कोरणारे पाते कवटीच्या आतल्या खोबणींत वळू शकत नाही, थर रचणारे यंत्र मात्र पोकळीही तितक्याच सहज बांधते. मेंदूच्या सर्जनसाठी ही सोय मोलाची होती.

तरीही प्रिंटरच निर्णायक होता असे म्हणणाऱ्याला एक कालक्रम समजावून द्यावा लागेल. यंत्र १९८० च्या दशकाअखेरीस बाजारात होते, कवटीच्या प्रतिकृती लगेच निघू लागल्या. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या प्रतिकृतींवर ऑस्ट्रेलियातील पॉल डर्सो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तो १९९९ मध्ये. इतकी वर्षे अडले होते ते कापांपाशी. हाउन्सफील्डच्या पहिल्या यंत्राचा काप एक सेंटिमीटरहून जाड होता आणि चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचे. पाच-सात मिलिमीटरचा फुगा अशा कापात कुठल्या कुठे हरवून जाईल. १९८९ च्या सुमारास आलेले स्पायरल सीटी, पुढचे अनेक काप एकदम घेणारे स्कॅनर आणि रक्तवाहिन्या उजळवणारी सीटी अँजिओग्राफी यांनी काप मिलिमीटरच्या आत आणला, तेव्हा बारीक धमन्या रचता येऊ लागल्या.

काप आणि रचना यांच्यामध्ये उरते ती आखणी. बोर्नच्या हातात त्यासाठी पेन्सिल होती. आज संगणकावर किती घनतेपुढचे ते हाड आणि किती उजळ ते रक्त, याची मर्यादा ठरवतात. ही मर्यादा थोडी सरकली तरी डोळ्याच्या खोबणीची पातळ भिंत गायब होऊन तिथे नसलेले भोक दिसते, फुग्याची मान रुंद किंवा अरुंद होते. प्रिंटर ही चूक निमूटपणे घट्ट प्लॅस्टिकमध्ये उतरवतो, आणि हातात आलेली वस्तू पडद्यावरच्या चित्रापेक्षा अधिक खरी वाटते. म्हणून या प्रतिकृतीचा खरा धोका आखणीत असतो, छपाईत नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा: सगळी माहिती कापांतच असेल, तर पडद्यावर त्रिमित चित्र फिरवून का भागत नाही? भागते, अनेकदा भागते. नेहमीच्या शस्त्रक्रियेला प्रतिकृतीची गरज नसते आणि फुगा फुटलेला रुग्ण ती तयार होईपर्यंत थांबू शकत नाही. पण पडद्यावर खरी क्लिप लावून बघता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मेंदू मऊ असतो, कवटी उघडून द्रव काढला की तो जागचा हलतो, कडक प्लॅस्टिक हे काय शिकवणार? त्याचे उत्तर जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये मांडलेल्या रीतीत अंशतः आहे. छापलेल्या भरीव वाहिनीवर द्रव सिलिकॉनचा लेप द्यायचा आणि आतले प्लॅस्टिक झायलीनमध्ये विरघळवून टाकायचे. मागे राहते पोकळ, लवचिक, क्लिपखाली दबणारी धमनी. रक्तस्राव तिच्यातही नाही, मेंदूचे सरकणेही नाही, आणि अशा सरावाने रुग्ण किती अधिक वाचतात हे ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्या अजून थोड्याच आहेत. पण इथे छापलेली वस्तूच नष्ट होते आणि आखलेला आकार टिकतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आभासी वास्तवाचा चष्मा उद्या प्रिंटरला हटवेल, या भाकितालाही हेच लागू पडते. डोक्याला डोके जुळलेल्या दोन बहिणींना लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने २०१९ मध्ये वेगळे केले, तेव्हा चष्मा आणि छापील प्रतिकृती दोन्ही वापरले होते. दोघांचा शिधा एकच: आखलेले काप.

हा वाद केवळ मान कुणाचा एवढ्यापुरता नाही. प्रिंटरला मूळपुरुष मानले की रुग्णालय यंत्र विकत घेते आणि काम झाले असे समजते. रीतीला मूळ मानले की पैसा, वेळ आणि प्रशिक्षण आखणाऱ्या माणसाकडे वळते. अमेरिकेत जुलै २०१९ पासून अशा प्रतिकृतींच्या नोंदीसाठी तात्पुरते संकेतांक लागू झाले. त्यांत मोजणी होते ती स्कॅनच्या माहितीतून स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रत्येक घटकाची. आपल्या रुग्णालयांनीही यंत्राची किंमत विचारण्याआधी, प्रतिकृतीवरची कड कोण आखणार आणि तिच्याखाली सही कुणाची, हे ठरवावे.